थंडीआधीची बागकामं: कढीपत्ता, मोगरा, जास्वंद आणि तुळस हिवाळाभर कशी जगवायची

दर जानेवारीत मला एकाच प्रकारचा फोन येतो. "कढीपत्त्याची सगळी पानं गळली गं. रोज पाणी घालतेय, तरी काही फरक नाही. काय करू?" त्याचं पहिलं उत्तर म्हणजे पाणी थांबवा. बाकीचं उत्तर सप्टेंबरातच द्यायला हवं होतं, म्हणून हा लेख सप्टेंबर उजाडायच्या आत लिहिते आहे.

मी राहते मध्य न्यू जर्सीत. इथे आपली उष्ण प्रदेशातली झाडं अंगणात गारठून मरतात ती थोडीच. जास्त मरतात ती घरात आणल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, हळूहळू. कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: झाड उशिरा आणि घाईत आत आणलं, त्याच्यासोबत कीड आत आली, आणि उन्हाळ्यातल्या हाताने हिवाळ्यात पाणी घातलं. तिन्ही टाळता येतात, पण कामांचा क्रम पाळला तरच.

खालच्या तारखा मध्य न्यू जर्सीच्या आहेत. इथे पहिला फ्रॉस्ट (रात्री गोठणारं दव) साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरीपर्यंत पडतो. शिकागो, मिशिगन किंवा टोरांटोच्या उपनगरांत राहत असाल तर सगळं आठवडा-दोन आठवडे आधी धरा. डॅलस किंवा बे एरियातल्या मंडळींना यातलं निम्मं लागणारच नाही. कुठेही असा, कॅलेंडरपेक्षा रात्रीच्या तापमानावर विश्वास ठेवा. सगळे अंश फॅरनहाइटमध्ये दिले आहेत. ५० अंश म्हणजे १० सेल्सियस, हा एक आकडा डोक्यात ठेवला की बाकीचं समजतं.

## १. ऑगस्टअखेर: कोण आत, कोण बाहेर

वही घ्या आणि बागेत एक फेरी मारा. प्रत्येक झाड तीनपैकी एका यादीत गेलं पाहिजे.

पहिली यादी जिवंत, पानांसकट घरात येणाऱ्यांची: कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, तुळस, लिंबू. दुसरी यादी फक्त कंद काढून ठेवायच्या झाडांची: कर्दळ, डेलिया, ग्लॅडिओलस, निशिगंध, अळू, हळद. तिसरी बाहेरच राहणाऱ्यांची: गुलाब, पुदिना, हायड्रेंजिया, डॅफोडिल.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. नर्सरीत "हिबिस्कस" म्हणून दोन वेगळ्या जातीची झाडं मिळतात. आपली देवाला वाहायची जास्वंद चकचकीत, गडद हिरव्या पानांची असते आणि तिला आत आणावंच लागतं. दुसरी मोठ्या ताटलीएवढ्या फुलांची, मंद हिरव्या पानांची; ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि मे महिन्यात मुळापासून पुन्हा फुटते. तिला आत आणून उबेत ठेवलं तर उलट तिचं नुकसान होतं. कुंडीवरची चिठ्ठी फेकून दिली असेल तर पानांवरून ओळखा.

मग जागा मोजा. घरात ऊन येणाऱ्या खिडक्या किती, त्यांत कुंड्या किती मावतात? चार मावत असतील तर आठ आणू नका. कोपऱ्यात अंधारात ठेवलेली आठ रोपं एप्रिलपर्यंत दोन होतात. त्यापेक्षा चार निवडा, बाकीची आधीच मित्रमंडळींना देऊन टाका.

इशारा: कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारा एक बारीक किडा कढीपत्त्यावरही जगतो, म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतून कढीपत्त्याची रोपं बाहेर नेण्यावर बंधनं आहेत. सुट्टीत तिकडच्या नातेवाइकांकडून रोप गाडीत घालून आणू नका.

## २. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: खत बंद, माती तशीच, छाटणी हलकी

खत १ सप्टेंबरनंतर घालू नये. खताने कोवळी फूट येते, आणि घरातल्या कमी उजेडात हीच कोवळी फूट आधी पिवळी पडते आणि आधी किडते.

कुंडी बदलायचा मोह आवरा. झाडाची मुळं कुंडीबाहेर डोकावत असली तरीही. नवी मोठी कुंडी म्हणजे मुळांनी न व्यापलेली जास्तीची ओली माती, आणि हिवाळ्यात ती माती वाळतच नाही. कुंडी बदलायचं काम मार्चचं.

जी झाडं उन्हाळ्यात वाफ्यात लावली होती आणि आता आत आणायची आहेत, त्यांना मात्र कुंडीत घ्यावंच लागतं. तेही आता, महिना-दीड महिना आधी, म्हणजे तुटलेली मुळं उबदार हवेत सावरतात. ऑक्टोबरच्या शेवटी उपटून थेट दिवाणखान्यात आणलेली जास्वंद मी जगलेली पाहिलेली नाही.

छाटणी किती? जास्वंदीची एक तृतीयांश उंची खुशाल कमी करा. मोगऱ्याच्या लांबलेल्या, आडव्या गेलेल्या फांद्या कापा. कढीपत्त्याचे फक्त शेंडे आणि आत वळलेल्या काड्या काढा, मोठी छाटणी वसंतातच करा. निघालेली कढीपत्त्याची पानं धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून फ्रीझरमध्ये ठेवा. फोडणीत ती गोठलेलीच टाकता येतात, मात्र चिकटलेला बर्फ झटकून घ्या, नाहीतर तेल उडतं. हळदीची पानं याच दिवसांत हिरवीगार असतात. पातोळ्यांसाठी हवी असतील तर फ्रॉस्टच्या आधी कापून, गुंडाळी करून तीही फ्रीझरमध्ये ठेवा.

## ३. कीड बाहेरच सोडून येणे

हा टप्पा सगळे गाळतात. बाहेर पाऊस, वारा आणि लेडीबगसारखे किडे मावा आणि लाल कोळी (पानांतला रस शोषणारी टिंबाएवढी कीड) आटोक्यात ठेवतात. घरात यातलं कोणीच नसतं आणि हवा असते कोरडी. सप्टेंबरात पानाखाली दिसलेले दहा कोळी थँक्सगिव्हिंगपर्यंत सगळ्या खिडकीवर जाळं विणतात.

आधी तपासणी. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदी दोन-तीन वेळा झटका. कागदावर पडलेले टिंब नुसते पाहू नका, मिनिटभर थांबा. चालायला लागले तर ते लाल कोळी. पानाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण. देठावर तपकिरी खवले नखाने निघत असतील तर ती खवले कीड, आणि त्याची खूण म्हणजे खालची पानं हाताला चिकट लागतात. झाड हलवल्यावर पांढरा धुरळा उडाला तर पांढरी माशी.

मग धुणं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा. वरून शिंपडून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी कीटकनाशक साबणाचं द्रावण किंवा बागेसाठी विकलं जाणारं कडुनिंबाचं तेल, बाटलीवरच्या प्रमाणातच, संध्याकाळी फवारा. असं दर सहा-सात दिवसांनी तीनदा करायचं. एकदा फवारून मोठे किडे मरतात, अंडी राहतात. दुसरी आणि तिसरी फेरी त्या अंड्यांतून निघालेल्यांसाठी असते. पिठ्या ढेकणांना कापसाचा बोळा ७० टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपावं लागतं. वेळखाऊ आहे, पण याला पर्याय नाही.

भांडी घासायचा साबण वापरू नका. तो वेगळा असतो, त्याने पानं भाजतात.

इशारा: मातीत टाकायची, मुळांवाटे झाडभर पसरणारी कीटकनाशकाची दाणेदार औषधं कढीपत्ता, तुळस, लिंबू यांना कधीही घालू नका. ती धुऊन जात नाहीत, पानात आणि फळात असतात, आणि ते पान आपण वरणात घालतो. डब्यावर खाण्याच्या झाडांसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या.

मातीतले किडे राहतात. छोट्या कुंड्या कोमट पाण्याच्या बादलीत काठापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवल्या की मुंग्या, गोम, वाणी वर येतात. मग कुंडी सावलीत पूर्ण निथळू द्या. हे काम गरम दिवशी करा.

कुंडीचा तळ आणि बाहेरची बाजूही पाहा. न्यू जर्सीत २०१८ पासून स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही झाडांचा रस शोषणारी कीड आहे आणि तिची मादी सप्टेंबरपासून थंडी पडेपर्यंत अंडी घालते. अंड्यांचा पुंजका वाळलेल्या चिखलाचा राखाडी लपका वाटतो, इंचभर लांब. झाडाची खोडं, कुंड्या, अंगणातल्या खुर्च्या, काहीही चालतं तिला. जुन्या कार्डाने खरवडून अल्कोहोलच्या पिशवीत टाका. नुसतं जमिनीवर पाडून अंडी मरत नाहीत.

पुढे जाण्याआधी: कागदाची चाचणी पुन्हा करा. एकही टिंब चालत नसेल तरच झाड घरात यायला तयार आहे.

## ४. झाडाआधी घर तयार करा

२१ डिसेंबरच्या सुमारास आमच्याकडे दिवस असतो सव्वानऊ तासांच्या आसपासचा, आणि त्यातही बरेच दिवस ढगाळ. दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली, मग पश्चिमेची किंवा पूर्वेची. उत्तरेच्या खिडकीत मोगरा-कढीपत्ता ठेवू नका.

खिडकी कमी पडते तिथे एलईडी ग्रो लाइट लावा. जांभळा नको, साधा पांढरा फुल स्पेक्ट्रम घ्या. झाडाच्या शेंड्यापासून आठ ते बारा इंचांवर, टायमर लावून रोज बारा ते चौदा तास. टायमर हवाच, कारण हाताने चालू-बंद करणारा माणूस डिसेंबरात सुट्टीला भारतात जातो.

हीटरच्या व्हेंटपासून कुंडी कमीत कमी तीन-चार फूट दूर ठेवा. माझा पहिला कढीपत्ता, चार वर्षं वाढवलेला, असाच गेला. दक्षिणेची खिडकी छान होती, पण तिच्याच खाली जमिनीत व्हेंट होतं. दिवसभर सुकी गरम हवा खालून वर. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मी समजले पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. वरून पानं भाजत होती आणि खालून मुळं कुजत होती. फेब्रुवारीत खोड हलवलं तर सैल हातात आलं. मुळांना साचलेल्या गटारासारखा वास येत होता. तो वास एकदा नाकात बसला की पुन्हा कधी अंदाजाने पाणी घालवत नाही.

खिडकीच्या काचेला पान टेकू नये. कडाक्याच्या रात्री तेवढाच भाग काळा पडतो. खोलीत ह्युमिडिफायर लावता आला तर ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरते. खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवण्याने कुंडीखालचा ओघळ सांभाळला जातो एवढंच, हवेत फार फरक पडत नाही.

## ५. आत आणण्याचे बारा-चौदा दिवस

रात्रीचं तापमान सलग ५५ अंशांच्या खाली जायला लागलं की सुरुवात करा. ५० च्या खाली जायच्या आत सगळं आत हवं. आमच्याकडे हे साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येतं, म्हणजे पितृपक्ष-नवरात्राच्या आगेमागे. फ्रॉस्टची वाट पाहू नका. या झाडांना फ्रॉस्टच्या कितीतरी आधी धक्का बसतो.

पहिले चार-पाच दिवस कुंडी उन्हातून काढून अर्ध्या सावलीत ठेवा. पुढचे चार-पाच दिवस पोर्चवर, छपराखाली. त्यानंतर रात्री आत, दिवसा बाहेर. शेवटी कायमची आत. घरात हीटर सुरू व्हायच्या आधी झाड आत आलेलं असेल तर त्याला एका वेळी एकच बदल सोसावा लागतो: आधी उजेडाचा, मग कोरड्या हवेचा.

आत आणल्यावरही पहिले दोन आठवडे घरातल्या आधीच्या झाडांपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा. पिवळे चिकट कागद लावा. काय उडतंय ते त्यावर कळतं.

या काळात थोडी पानं पिवळी पडून गळणारच. उन्हातली पानं कमी उजेडात झाडाला परवडत नाहीत, ती झाड स्वतः टाकतं. खत, पाणी, जागाबदल, काहीही करू नका.

## ६. एकेका झाडाचं

कढीपत्ता. याला हिवाळा काढायचे दोन रस्ते आहेत आणि त्यांतला एकच निवडायचा. पहिला, जागा ठेवणं: ६५ ते ७५ अंशांची खोली, ग्रो लाइट, माती वाळली की पाणी. पानं टिकतात, थोडी फूटही येते. दुसरा, झोपवणं: ४५ ते ५० अंशांचं गार बेसमेंट किंवा बंद गॅरेज, जिथे पाणी गोठत नाही. तिथे सगळी पानं गळतात, दिव्याची गरज नसते, आणि तीन-चार आठवड्यांनी कपभर पाणी पुरतं. बहुतेक जण नकळत तिसरा रस्ता धरतात: उबदार खोली, अंधुक उजेड आणि रोज पाणी. झाडाला ऊब सांगते वाढ, उजेड सांगतो थांब, आणि त्या ओढाताणीत ओल्या मातीत मुळं कुजतात.

निष्पर्ण झालेला कढीपत्ता फेकून देऊ नका! अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जरा खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर दोन इंच खाली पुन्हा खरवडा, असं बुंध्यापर्यंत जा. वरचं सगळं वाळलेलं आणि बुंध्याशी चार बोटं हिरवी, अशी झाडं मे महिन्यात फुटलेली आहेत. एका मैत्रिणीने मार्चमध्ये कचऱ्याच्या पिशवीत घातलेली काठी मी मागून आणली होती. ती आता माझ्या कमरेएवढी आहे.

मोगरा. सर्वांत जास्त उजेडाची खिडकी याला द्या. दिवसा ऊब, रात्री ५५ ते ६० अंश त्याला आवडतात, म्हणजे स्वयंपाकघरापेक्षा वापरात नसलेली निजायची खोली बरी. डिसेंबरात फुलांची अपेक्षा ठेवू नका. लाल कोळ्यांचा याच्यावर पहिला डोळा, म्हणून दर पंधरा दिवसांनी बाथटबमध्ये ठेवून पानांची खालची बाजू धुवा. माती भिजू नये म्हणून कुंडीला प्लास्टिकची पिशवी बांधा.

जास्वंद. आल्याआल्या कळ्या टाकते, पानं पिवळी करते, घाबरवते. पंधरा-वीस दिवसांत शांत होते. उजेड भरपूर मिळाला तर अधूनमधून फूलही देते.

तुळस. हिला थंडी सर्वांत कमी सोसते; ५० अंशांच्या खाली दोन रात्री गेल्या तरी पानं काळवंडतात. आणि तुळशीचं लग्न कार्तिकात, म्हणजे इथे बहुधा फ्रॉस्ट पडून गेल्यावर. तेव्हा अंगणातल्या वृंदावनातली तुळस सप्टेंबरात लक्षात ठेवावी लागते. मोठं, लाकडी झालेलं रोप घरात फार क्वचित टिकतं. म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला मंजिऱ्या नसलेले चार इंची शेंडे खुडा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. दहा-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. इंचभर झाली की लहान कुंडीत लावून दिव्याखाली ठेवा. लग्नापर्यंत वीतभर, टवटवीत रोप तयार असतं. जुन्या रोपाच्या वाळलेल्या मंजिऱ्या कागदी पाकिटात ठेवायला विसरू नका. सगळं फसलं तर मार्चमध्ये बी आहे.

लिंबू. थोडी जास्त थंडी सोसतं, पण बाकी सगळे नियम कढीपत्त्याचे. गार, उजेडाच्या जागी उत्तम.

## ७. पहिल्या फ्रॉस्टनंतर: कंद

आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि अंदाज ३६ अंशांचा असेल तरी जमिनीलगत फ्रॉस्ट पडू शकतो. त्या संध्याकाळी हिरवे टोमॅटो, मिरच्या, कोवळ्या दोडक्या-घेवड्या सगळं काढून घ्या. हिरव्या टोमॅटोची तीळ-शेंगदाण्याची चटणी त्याच आठवड्यात करून टाका.

कर्दळ आणि डेलियाला मात्र फ्रॉस्ट लागू द्या. पानं काळी पडली की देठ चार-सहा इंच ठेवून कापा आणि दोन-चार दिवसांत कंद काढा. कुदळ बुंध्याशी मारू नका. फूटभर लांबून चौफेर माती सैल करा आणि खालून उचला. डेलियाचा कंद बारीक मानेने देठाला जोडलेला असतो आणि डोळा त्या मानेच्या वर असतो. मान मोडली तर कंद कितीही गुबगुबीत दिसो, फुटत नाही.

अळू आणि हळद यांना फ्रॉस्टच्या आधी काढा. अळूला हात लावताना हातमोजे घाला, खाज सुटते. हळद कुंडीत असेल तर सर्वांत सोपं: पानं पिवळी पडली की कापा, पाणी बंद करा आणि आख्खी कुंडी आतल्या कोपऱ्यात ठेवून द्या. मार्चपर्यंत तिच्याकडे पाहू नका.

काढलेले कंद माती झटकून सावलीत, हवेशीर जागी सुकवा. डेलिया-कर्दळीला दोन-तीन दिवस पुरतात, ग्लॅडिओलसला दोन-तीन आठवडे. जखमी, मऊ लागणारे कंद बाजूला काढा. बाकीचे लाकडाच्या भुशात किंवा पीट मॉसमध्ये, एकमेकांना न टेकवता, भोकं पाडलेल्या खोक्यात भरा. डेलियाला ४० ते ५० अंश हवेत, कर्दळीला त्याहून थोडे जास्त. अळू, हळद आणि निशिगंध ५५ च्या खाली ठेवू नका. सगळे एकाच खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवणं ही इथली नेहमीची चूक. डेलिया वाचतो, अळू कुजतो. खोक्यावर नाव आणि रंग लिहा. एप्रिलमध्ये सगळे कंद सारखेच दिसतात.

तपासणी: महिन्यातून एकदा खोकं उघडा. सुरकुतले असतील तर हाताने थोडं पाणी शिंपडा. मऊ पडलेला एक दिसला तर लगेच काढा, नाहीतर शेजारचे जातात.

## ८. बाहेरची कामं, झाडांइतकीच नेमाने

सर्वांत आधी नळ. रबरी नळी सोडवा, घरातली झडप बंद करा, मग बाहेरचा नळ उघडा आणि पाणी निथळू द्या. झडपेला छोटं टोपण असेल तर तेही उघडून पाणी काढा. एका वर्षी मी नळी तशीच जोडलेली ठेवली. नळीत अडकलेलं पाणी गोठलं, भिंतीच्या आतली नळी तडकली, आणि ते कळलं एप्रिलमध्ये, पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा, बेसमेंटच्या गालिच्यावरून.

मातीच्या कुंड्या रिकाम्या करून आत घ्या. ओली माती गोठून फुगते आणि कुंडी उभी चिरते.

लसूण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. कडक देठाची जात, बियाण्याचा लसूण घ्या; वाणसामानातला बहुधा इथल्या थंडीचा नसतो. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, सहा इंच अंतर. वरून चार ते सहा इंच गवताचं आच्छादन घाला. जूनअखेर-जुलैत काढायला येतो.

टोमॅटो-वांग्याची रोगट झाडं मुळासकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. मात्र फुलझाडांची सगळी वाळकी देठं कापू नका, एकट्या राहणाऱ्या कितीतरी रानमाश्या (पोळं न करणाऱ्या मधमाश्या) त्यांत हिवाळा काढतात. गळलेली पानं यंत्राने बारीक करून वाफ्यावर दोन-तीन इंच पसरा. आख्ख्या पानांचा ओला थर हिरवळीवर राहिला तर खालचं गवत मरतं.

गुलाबाची मोठी छाटणी आत्ता करू नका. दोन-चार फ्रॉस्ट पडल्यावर कलमाचा सांधा आठ-दहा इंच मातीने झाका.

माती तपासायची असेल तर हेच दिवस. रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. चुना घालायचा सल्ला आला तर आत्ताच घाला, त्याला काम करायला महिने लागतात.

## ९. डिसेंबर ते फेब्रुवारी: हात आवरा

"दर रविवारी पाणी" हा नियम मोडा. बोट दोन इंच खुपसा. तिथे ओल लागली तर आज पाणी नाही. मोठ्या कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत घालून पाच मिनिटांनी काढा, माती चिकटून आली तर थांबा. आणखी चांगली सवय म्हणजे कुंडी उचलून पाहणं. पाणी घातल्यावर एकदा उचला, पूर्ण वाळल्यावर एकदा उचला. हाताला तो फरक आयुष्यभर लक्षात राहतो.

घालाल तेव्हा मात्र तळातून निथळेपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं पाणी ओतून द्या. रोज कपभर पाणी म्हणजे वरचा इंच चिखल आणि खालची मुळं कोरडी. जानेवारीत नळाचं पाणी बर्फासारखं असतं, ते रात्रभर घरात ठेवून वापरा. घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर ते पाणी कुंड्यांना घालू नका, त्यात मीठ असतं.

मातीवर बारीक चिलटं उडू लागली तर औषध शोधू नका. माती फार ओली आहे, एवढंच ती सांगतात. वरचे दोन इंच वाळू द्या.

कागदाची चाचणी दर दोन आठवड्यांनी.

## १०. मार्च ते मे: परत अंगणात

मार्चच्या मध्याला दिवस बारा तासांचा झाला की कढीपत्त्याची आणि जास्वंदीची खरी छाटणी करा, कुंडी बदला, आणि नवी पालवी दिसल्यावरच पातळ खत सुरू करा. झोपवलेला कढीपत्ता याच वेळी उजेडात आणा आणि पाणी हळूहळू वाढवा. फूट यायला कधी कधी मे उजाडतो. हिरवं खोड असेल तोवर थांबा.

एप्रिलमधल्या सत्तर अंशांच्या दुपारी फसू नका. आमच्याकडे शेवटचा फ्रॉस्ट कधी कधी मेच्या सुरुवातीलाही पडतो. इथले जुने बागवाले मेचा दुसरा रविवार, मातृदिन, गाठतात, आणि ते बरोबर आहे. रात्री सलग ५० च्या वर राहिल्या की पहिल्या दिवशी दाट सावलीत एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, आठवड्याने सकाळचं कोवळं ऊन, आणि दहा-बारा दिवसांनी पूर्ण ऊन. आत हिवाळाभर वाढलेलं पान एका दुपारच्या उन्हात पांढरं पडतं आणि पुन्हा हिरवं होत नाही.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी घ्या. कढीपत्त्याची मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर ती बोटांनी सैल करा, लावून झाल्यावर एकदा भरपूर पाणी द्या आणि आठवडाभर सावलीतच राहू द्या.